थोरल्याची खेळी

दि. ६ ऑगस्ट

भावोजींना नमस्कार.

दहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट दोनदा उलटंसुलटं कराल, म्हणून आधीच सांगते, मी तुमची वहिनी. पत्ता आईंच्या जुन्या वहीत सापडला. अजून त्याच बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहत असाल असं धरून लिहिते आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, आवाज चढतो. कागदावर जरा बरी वागते.

तब्येतीचं विचारायला हवं. भट्टीपाशी उभं राहून तुमचे पाय सुजायचे, ते आता कसे आहेत कोण जाणे. आमच्याकडचं पुढे लिहिते.

गेल्या मंगळवारी तुमची खेळी आली. खेळी संपवताना एक ओळ लिहायची जागा असते, ती तुम्ही दोघा भावांनी नऊ वर्षं रिकामी ठेवली होती. या खेपेला तिथे इंग्रजी अक्षरांत तुमचं मराठी होतं: ‘हा दादा नाही. कोण खेळतंय?’

त्याचं उत्तर द्यायला बसले आहे. यांच्या उजव्या हाताचं बोट लिफ्टच्या दारात सापडलं. पट्टी आहे. मोबाइलवर तो खेळ एका बोटाने ओढत, दोन बोटांनी टिचकी मारत खेळायचा असतो, ते त्यांना जमत नाही. म्हणून मोबाइल मी धरते. ते शेजारी बसून सांगतात, मी करते. सांगण्यात आणि करण्यात फरक पडतो. एवढंच आहे.

तुमच्या प्रश्नाचं झालं. आता माझे प्रश्न.

हे सगळं मला बोटामुळेच कळलं. नऊ वर्षं हे आठवड्यातून दोनदा मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे. परत यायचे तेव्हा मोबाइल तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी तळाला. मी विचारलं की म्हणायचे, वर रेंज चांगली येते. भावोजी, मला वाटलं बाई आहे. दोन वर्षं मी त्या बाईचा विचार केला. तिचं वय ठरवलं, साडीचा रंग ठरवला. निघालात तुम्ही.

बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

खेळ कुठला ते मी ओळखलं. तुम्ही दोघांनी मिळून पहिला संगणक घेतलात, मी नवीन होते घरात, आणि तुम्ही जेवणाची ताटं घेऊन त्याच्यापुढे बसायचात. तोच किल्ल्यांचा खेळ. तो संगणक कधीच मोडीत गेला, म्हणून हा इथे कसा आला ते लेकीला विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात आहे, तिला यंत्रातलं कळतं. ती म्हणाली, “आई, हा खेळ संगणकासाठीच केलेला आहे, मोबाइलवर चालायलाच नको. हे अ‍ॅप मोबाइलला संगणकाचं सोंग घ्यायला लावतं. खेळाला पत्ताच नसतो आपण कुठे आहोत ते.” समोर कोण खेळतं ते तिला माहीत नाही. तुमचं नाव तिथे ‘धाकटा’ आहे आणि यांचं ‘थोरला’, ते मी तिला दाखवलेलं नाही. तिने मला वेगळ्या डावावर शिकवलं.

यांनी एका छोट्या वहीत सगळं मांडून ठेवलंय. आवाज बंद ठेवणे, नाहीतर अडखळतो. पडदा लहान ठेवणे. तिसऱ्यांदा उघडल्यावर चालतो, तोवर चिडू नये. ती वही मीच शिवून दिली होती. लिफ्टदुरुस्तीच्या नोंदींसाठी हवी म्हणाले होते. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात उरलेल्या कागदाचे तीन जुज, म्हणजे घड्या घातलेले गठ्ठे घेऊन, दुहेरी दोऱ्याने. चांगली वही आहे. खोटं बोलून नेली.

तर प्रश्न असा. तुमचं आणि यांचं बोलणं नव्हतं. आईंच्या वेळी जे झालं त्यानंतर या घरात तुमचं नाव निघत नव्हतं. मग हा खेळ कुणी सुरू केला, आणि कशासाठी? तुम्हाला यांच्याकडून काय काढून घ्यायचं होतं? प्रत्येक खेळीची एक फाईल, अशा सगळ्या जुन्या फायली मी उघडून पाहिल्या, नऊशेच्या वर आहेत. कुठे माझ्याबद्दल एखादा शब्द सापडतो का बघत होते. नाही सापडला. तेवढ्याने माझी खात्री पटत नाही. माणसं न लिहिता खूप ठरवतात.

दुसरं. जानेवारीत यांचा मुख्य किल्ला रिकामा पडला होता. एक शिपाई नव्हता आत. तुमचे घोडेस्वार दोन घरांवर उभे होते आणि पाळी तुमची होती. तुम्ही आत आला नाहीत, घोडे फिरवून मागे नेलेत. का? समोर दार उघडं असताना परत फिरणारा माणूस मला कधी सरळ वाटलेला नाही. मी पुढच्याच खेळीत किल्ला भरून घेतला. म्हणजे यांनी सांगितलं तसा.

उत्तर द्यायचं तर पत्राने द्या.

तुमची वहिनी


दि. १८ ऑगस्ट

भावोजी,

पत्राने द्या म्हटलं होतं. तुम्ही फोन केलात. तीनदा. पहिल्यांदा वाजला तेव्हा मोबाइल माझ्या हातातच होता, खेळ चालू होता, आणि पडद्यावर किल्ल्यांच्या जागी एकदम ‘धाकटा’ आलं. हातातून पडणारच होता. यांनी तुमचा नंबर ठेवला होता हेही मला तेव्हाच कळलं.

फोन करू नका. डॉक्टरांनी यांना बोलायची मनाई केली आहे.

बोटाला लागलं आणि बोलायची मनाई, हे जुळत नाही ते मला लिहितानाच दिसतंय. तरी खोडत नाही.

तुम्ही संशय घेताय हे मला कळतं. मलाही घेता येतो. दहा वर्षांपूर्वी आईंना तुम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून नेलंत. बदल होईल म्हणालात. त्यांची कानटोपी आमच्याकडे राहिली, ती पाठवा असंही कळवलंत. आणि मग एका दुपारी निरोप आला, तो सगळं आटोपल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या जिन्यात पाहुण्यांच्या चपलासुद्धा उरल्या नव्हत्या. हे पायरीवर बसले ते उठेनात. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, चौदा चौदा मजले चढायचा, त्याला तुमचे दोन मजले चढवेनात. तुम्ही वर दारात उभे होतात. खाली आला नाहीत.

त्या वेळी मी जिन्यातून काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. “आमच्या घरात काही झालं तर तुम्हालाही असंच कळेल.” यांनी मला दटावलं. मी शब्द मागे घेतला नाही.

जास्त लिहीत नाही. कारखान्यात वर्षाखेरीच्या रजिस्टरांचं काम आलंय आणि वह्या दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू फिरवून मनगट भरून आलंय.

खेळी पाठवली आहे. तुमचे आता दोनच किल्ले राहिले.


दि. २ सप्टेंबर

भावोजी,

तुमचं पत्र शनिवारी आलं. कारखान्यात डब्याच्या सुट्टीत वाचलं, मग पुन्हा सगळे गेल्यावर वाचलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन घड्या घालता घालता झालं, जो जुज हातात येईल तिथून. त्यामुळे मला गोष्टी मधूनच वाचायची सवय आहे. सुरुवात काय असेल ते मी मनाने धरते, आणि बऱ्याचदा चुकीचं धरते. तुमच्या बाबतीत तसंच झालं.

तुम्ही लिहिलंत, डाव तुम्ही सुरू केला नाही. आई गेल्यावर सात महिन्यांनी तुम्हाला यांच्याकडून नुसती एक फाईल आली, खाली एक अक्षर नाही. तुम्ही ती उघडायला म्हणून हातात धरायचं एक छोटं यंत्र पैदा केलंत, त्यावर तो जुना खेळ बसवायला तुम्हाला तीन आठवडे लागले, आणि उघडल्यावर दिसलं की पहिली खेळी झालेली आहे आणि पाळी तुमची आहे. पाव भट्टीत जाऊन बाहेर येईपर्यंतच्या वेळात तुम्ही खेळायचात. यांनी किल्ल्यांना मजल्यांची नावं दिली होती, तळमजला, पहिला, दुसरा, म्हणून तुम्ही तुमच्या किल्ल्यांना मैदा, साखर, यीस्ट, मीठ अशी दिलीत. यांचा ‘चौथा मजला’ सारखा तुमच्या हाती पडायचा आणि तुम्ही मनात म्हणायचात, दादाची लिफ्ट पुन्हा अडकली. हे वाचून मला हसू आलं. मग राग आला की हे मला गच्चीवरून खाली येऊन कुणी सांगितलं नाही.

आणि पुढे तुम्ही ते लिहिलंत. “वहिनी, दादा मला कधी संपवत नाही. मीही त्याला नाही. एक जण जिंकला की डाव संपतो, मग नवीन डाव मांडायला कुणीतरी आधी बोलायला हवं. आमच्या दोघांत तेवढी हिंमत नव्हती. फेब्रुवारीपासून समोरचा जिंकायला खेळतोय. बोट कुणाचंही असू दे, डोकं दादाचं नाही. तो कसा आहे ते मला सांगा.”

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, खेळ म्हणजे जिंकायचा असतो. वहीत काहीच नव्हतं लिहिलेलं त्याबद्दल. मी मन लावून खेळले. मैदा घेतला त्या दिवशी मी लेकीला गोड करून घातलं. कारण काय विचारलं तिने, तर काही नाही म्हटलं. साखर घेतली. यीस्टला सहा खेळ्या वेढा घातला, तेही पडलं. मला अभिमान वाटत होता. थोरल्याचं राज्य एवढं मोठं कधीच झालं नव्हतं. मी ते यांच्यासाठी वाढवते आहे असं मला वाटत होतं.

आता लिहिते.

हे १९ जानेवारीला गेले.

बोटाला काही झालं नव्हतं. डिसेंबरात छातीत पाणी झालं, मग हृदयाचं निघालं. अकरा दिवस दवाखान्यात होते. तुम्हाला कळवलं नाही ते विसरून नाही. नंबर शोधला असता तर मिळाला असता, आज पत्ता मिळाला तसा. मी जिन्यात बोलले होते तो शब्द पाळला. लेक दवाखान्याच्या बाकावर बसून विचारत होती, काकांना कळवलंस का? मी म्हटलं, कळवलं. तुम्ही आला नाहीत. ती म्हणाली, एवढं कसं मन घट्ट असेल माणसाचं. मी तिला तुमच्याबद्दल तसं वाटू दिलं, सात महिने.

मोबाइल मी कपाटात ठेवला होता, चार्जरला लावून. का, ते विचारू नका. फेब्रुवारीत तो टुणकन वाजला. तुमची खेळी. उघडली ती संशयानेच, हे पहिल्या पत्रात लिहिलंय ते खरं आहे. नऊशे फायली पाहिल्या तेही खरं आहे. पण मग समोर पाळी उभी होती, यांची. मी खेळले नसते तर तुम्ही विचारलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं. म्हणून खेळले. पहिली खेळी भीतीने केली. दुसरीसुद्धा. तिसरीपासून वाट बघायला लागले. तिथे यांच्या सवयी होत्या. प्रत्येक किल्ल्याला लागून धान्याचं कोठार, नदीकडचा रस्ता आधी, जहाजं जोडीने. त्या मांडणीत फिरताना मला घरात कुणी असल्यासारखं वाटायचं. खेळाला काही पत्ता नव्हता. तुम्हाला मात्र लागला, आणि मला त्याचाच राग आला.

जानेवारीतल्या त्या रिकाम्या किल्ल्याबद्दल मी तुम्हाला सुनावलं होतं. ती खेळी १७ तारखेची आहे. दवाखान्यात मी त्यांना मोबाइल देत नव्हते, त्या दिवशी मागून घेतला. मला वाटलं बातम्या बघतायत. त्यांनी तळमजल्यातलं, म्हणजे त्या मुख्य किल्ल्यातलं, सगळं सैन्य बाहेर काढलं. आता तुमचं पत्र वाचल्यावर वाटतं, त्यांनी डाव तुमच्या नावावर संपवायला ठेवला होता. किंवा तसं काही नसेल, औषधाच्या गुंगीत बोट घसरलं असेल. मला सांगता येत नाही. तुम्हाला त्यांचा हात नऊ वर्षांचा ठाऊक आहे, तुम्ही बघा. तुम्ही आत गेला नाहीत आणि मी त्यात डाव शोधला.

जुन्या फायली सगळ्या आहेत. १७ जानेवारीपर्यंतची प्रत्येक खेळी त्यांची आहे. २ फेब्रुवारीपासूनची माझी. तुम्हाला दादाचा डाव तिथपर्यंत मागे नेता येईल, लेक म्हणते ते सोपं असतं. माझा भाग पुसून टाकलात तरी चालेल. यीस्ट परत मिळेल तुम्हाला.

लेकीला मी काल सांगितलं. ती भांडली नाही. चष्म्याच्या काचा पुसत बसली, स्वतःच्याच, बराच वेळ. मग म्हणाली, “म्हणजे काका अजून बाबांशीच खेळतायत?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “आधी ते थांबव.” आज तिने स्वतः चांगला कागद आणून दिला आहे.

तुम्हाला जे मिळायला हवं होतं ते सगळं देते, मागे काही ठेवत नाही. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी चहा आणायला खाली गेले होते. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने वर आले, त्यात वेळ गेला. नर्स म्हणाल्या त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी ते खूप बोलले. आईंबद्दल बोलले, तुम्ही लहानपणी पाण्याच्या टाकीत पडला होतात ते बोलले. तुम्हाला बोलावू का असं मी विचारायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, विचारेन म्हणून. मी उशी सारखी केली.

अंत्यविधीला माझ्या कारखान्यातली आणि यांच्याकडची चाळीसएक लिफ्टवाली माणसं आली होती. आठव्या मजल्यावरची एक म्हातारी बाई आली होती, जिची लिफ्ट त्यांनी एका रविवारी चालू करून दिली होती. नातलगांची जागा मोकळी होती. ती मी मोकळी ठेवली होती.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हाला देणं भाग पडेल आणि मग आपण पुन्हा दहा वर्षं गप्प बसू. एक विचारायचं आहे मात्र. आई कशा गेल्या ते आम्हाला तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. निरोप उशिरा का आला, त्याचं मी मनाने एक धरलं आणि त्यावर सगळं रचलं. यांनीही नऊ वर्षं तुम्हाला किल्ले पाठवले, पण हे विचारलं नाही. मला ऐकायचं आहे. सुरुवातीपासून सांगा. जमेल त्या दिवशी या, जेवायला या. लेक आणायला येईल. जिना तुम्हालाही चढायचा आहे, आमची लिफ्ट जानेवारीपासून कुणी बघितलेली नाही.

मीठ मी घेणार नाही. खेळी पाठवलेली नाही, पाठवणारही नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिताना आजवर मी यांचंच नाव घालत आले. या खेपेला लेकीने माझं घातलंय.

तुमच्या थोरल्या भावाची विधवा,
वहिनी